ओल मोजणारा माणूस

घरात शिरलेले पाणी बाहेर काढणे आणि घर वाळवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्या कामाला बादल्या, खराटे, एखादा पंप आणि शेजारपाजारची चार माणसे पुरतात. ते एक-दोन दिवसांत उरकते आणि उरकल्याचे सगळ्यांना दिसते. दुसरे काम भिंतीच्या आत, फरशीखाली आणि कपाटाच्या पाठीमागे चालते. त्याला महिने लागतात आणि ते पुरे झाले की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. व्यावसायिकाची खरी गरज आहे ती या दुसऱ्या कामासाठी. महाराष्ट्रात मात्र पाण्याने खराब झालेल्या घरावरचा खर्च बहुतेक वेळा पहिल्या कामावर आणि तिथून थेट रंगावर होतो. ओल मोजण्याचा आणि ती उतरेपर्यंत थांबण्याचा मधला टप्पा कोणाच्याच कामात धरलेला नसतो. पंपवाला पाणी उपसून जातो, रंगारी भिंत ताब्यात आली की पुट्टी ओढतो. भिंत रंगवण्याजोगी झाली आहे का, हे सांगण्याचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

भिंतीत किती पाणी मुरते याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या भाजक्या विटेने चोवीस तास पाण्यात राहिल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये. म्हणजे या मर्यादेत बसणारी, तीन किलो वजनाची बरी वीटसुद्धा अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकते. दहा फूट लांबीची नऊ इंची भिंत चार फुटांपर्यंत पाण्यात राहिली, तर तेवढ्या भागात साधारण चारशे विटा येतात. विटा पुरत्या भरल्या नाहीत असे धरले, तरी त्या एका भिंतीत दीडशे ते दोनशे लिटर पाणी असते, म्हणजे एक मोठे पिंप. खोलीला भिंती चार. गिलावा, सांध्यांतला मसाला आणि फरशीखालची भर यांचा हिशेब अजून वेगळाच. कोकणातला जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. देशावरच्या जुन्या घरांतल्या पांढऱ्या मातीच्या भिंती तर पाण्याने नुसत्या भिजत नाहीत, त्यांची ताकदच जाते.

हे पाणी बाहेर जायचे ते हवेतूनच, आणि ऑगस्टमधल्या हवेची कुवत फार थोडी असते. २८ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ धरते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असणे रोजचेच, म्हणजे तीत जेमतेम तीन ग्रॅमची जागा उरलेली असते. दहा बाय बाराच्या खोलीत ३४ घनमीटरच्या आसपास हवा मावते. ती सगळी हवा मिळून आणखी शंभर ग्रॅम पाणी घेऊ शकते, फार तर अर्धी वाटी. भिंतींत शेकडो लिटर आणि हवेत अर्ध्या वाटीची जागा, असा हा सामना आहे. खिडक्या उघडून पंखा लावला की हवा बदलते हे खरे, पण बाहेरून येणारी हवाही तितकीच ओली असते. खिडक्या उघड्या ठेवून घर वाळते ते ऑक्टोबरनंतर. त्याआधी वाळवायचे तर दारे-खिडक्या बंद करून हवेतले पाणी यंत्राने काढावे लागते. व्यावसायिक पद्धतीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

या ठिकाणी पंचांग आडवे येते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे महाडमध्ये शिरले. त्या वर्षी गणेशचतुर्थी होती १० सप्टेंबरला, म्हणजे मध्ये सातच आठवडे. २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचा पूर ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सांगली-कोल्हापुरात होता आणि गणपती २ सप्टेंबरला बसले. गणपती यायचे, तर घर रंगवलेले हवे. ही भावना समजण्यासारखी आहे. पण ओल वाळण्याबाबत बांधकामातला जुना ठोकताळा असा की भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला एक महिना लागतो. नऊ इंची भिंतीला या हिशेबाने नऊ महिने लागतात, म्हणजे ऑगस्टमध्ये भिजलेली भिंत मे महिन्यापर्यंत. हवा खेळती ठेवली, भिजलेला गिलावा काढून टाकला आणि यंत्रे लावली तर ही मुदत बरीच घटते, पण ती सात आठवड्यांवर येईल असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वरून ॲक्रिलिक किंवा तैलरंग चढवला, की आतल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग ते पाणी भिंतीतले क्षार घेऊन रंगामागे येते, पोपडे सुटतात, लोणा लागतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच रंगारी तीच भिंत खरवडायला येतो. सणासाठी चुन्याचा एक पातळ हात द्यावा. चुना वाफ अडवत नाही आणि खर्चही जेमतेम येतो. जुन्या लोकांच्या घरांत हेच होत असे.

कोणाला बोलवायचे हे पाणी कसले होते यावर ठरते. या धंद्यात जगभर अमेरिकेतल्या आयआयसीआरसी या संस्थेचे 'एस-५००' हे मानक प्रमाण धरले जाते. त्यात पाण्याच्या तीन जाती केल्या आहेत. नळाचे किंवा टाकीचे स्वच्छ पाणी ही पहिली, कपडे धुण्याच्या यंत्रातून किंवा मोरीतून आलेले सांडपाणी ही दुसरी, आणि मैलामिश्रित किंवा नदी-नाल्याचे पुराचे पाणी ही तिसरी. जात कायमची नसते, हे महत्त्वाचे. स्वच्छ पाणीही गादीखाली किंवा गालिच्यात दोन-तीन दिवस राहिले की खालच्या जातीत जाते. ओल्या वस्तूंवर बुरशी धरण्याआधी हाताशी साधारण २४ ते ४८ तास असतात, आणि पुरात तेवढा वेळ पाणी घरातच असते. त्यामुळे आपल्याकडे पूर आलेले प्रत्येक घर सरळ तिसऱ्या जातीत धरावे. त्या पाण्यात गटारे, गोठे, मेलेली जनावरे आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिसची भीती त्यातूनच येते. पायाला जखम असलेल्या माणसाने गाळात उतरू नये, गमबूट आणि हातमोजे घालावेत आणि प्रतिबंधक गोळ्यांविषयी आरोग्य केंद्रात विचारावे, हे सांगणारा कंत्राटदार आपला धंदा जाणतो असे समजायला हरकत नाही.

घरात पहिला जायला हवा तो वायरमन, सफाई कामगार नव्हे. मीटरच्या मागून येणारा पुरवठा बंद असल्याची खात्री होईपर्यंत कोणीही पाण्यात पाय घालू नये. पाणी ओसरल्यावर स्विचबोर्ड उघडून पाहिले तर आत गाळाचा पातळ थर बसलेला दिसतो. वरून पुसलेला बोर्ड त्या थरासकट चालू केला की महिन्याभरात आतले तांबे हिरवे पडते, आणि मध्येच कधीतरी बटणाला झटका बसतो. परवानाधारक वायरमन मेगर लावून प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजतो. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर ती वायर वापरण्याजोगी नाही. हे मोजमाप थोड्या वेळाचे आहे, आणि ते न करता नुसते दिवे लागतात का हे पाहून गेलेल्या माणसाने काम केलेले नाही. जनरेटर भाड्याने आणला असेल तर तो घराबाहेर, खिडकीपासून दूर ठेवावा. बंद जागेत त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वास नसतो.

त्यानंतर स्थापत्य अभियंता. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे पायाला बसणारा धक्का पूर ओसरताना नव्हे, तर पुढच्या चार-सहा महिन्यांत दिसतो. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग ऑगस्टमध्ये नसते आणि मार्चमध्ये असते. म्हणून अभियंत्याची भेट दोनदा ठरवावी, एकदा लगेच आणि एकदा उन्हाळ्यात. मातीच्या भिंतींचे उलट आहे. पाणी उतरल्यावरचे पहिले काही दिवसच तिथे सर्वांत धोक्याचे, कारण भिजून जड झालेल्या भिंतीला बाहेरच्या पाण्याचा टेका उरत नाही. तळघरातले पाणीही याच कारणाने एका दमात उपसू नये. बाहेरची जमीन पाण्याने तट्ट भरलेली असताना आतला दाब एकदम नाहीसा झाला तर तळघराच्या भिंती आत ढकलल्या जातात किंवा तळ उचलला जातो. टप्प्याटप्प्याने उपसावे आणि दर टप्प्याला बाहेरची पातळी पाहावी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाड्या अडकलेल्या असतात, रहिवासी खाली उभे राहून ओरडत असतात, आणि पंपवाल्यावर घाईचा दबाव येतो. 'आज एवढेच' असे सांगणारा तिथे कोणीतरी लागतो.

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो सांध्यांत आणि नळ्यांत घट्ट बसतो. इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. सेप्टिक टाकीत आणि गटाराच्या चेंबरमध्ये माणूस उतरवून ते साफ करून घेणे हा २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जबाबदारी नुसत्या मुकादमाची नसून काम देणाऱ्याचीही आहे. पुरानंतरच्या घाईत नाक्यावरून दोन माणसे आणून त्यांना टाकीत उतरवण्याचे प्रकार होतात. टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. नगरपालिकेची किंवा खासगी मैला उपसणारी गाडी मिळेपर्यंत थांबणे एवढाच मार्ग आहे. व्यावसायिक नेमणे म्हणजे आपले घाणीचे काम कमी पैशांत दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे नव्हे. साधने, विमा आणि प्रशिक्षण असलेल्या माणसाला त्याचा पूर्ण मोबदला देणे हा त्याचा अर्थ आहे.

मग प्रश्न येतो काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा. चांगल्या कारागिराची पारख इथे होते, कारण तो टाकण्याइतकेच वाचवायलाही सांगतो. सागवानी कपाट चिखल धुऊन, दारे बिजागऱ्यांवरून उतरवून, सावलीत सावकाश वाळवले तर बहुधा पूर्ववत होते. उन्हात ठेवले तर तडकते. भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवुड काही दिवस पाण्यात टिकते. मानक ३०३ मधले साधे, नुसता दमटपणा सोसणारे प्लायवुड थर सोडते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ फुगले की फुगले, ते पुन्हा बसत नाहीत, आणि हल्लीच्या तयार स्वयंपाकघरांचे सांगाडे बऱ्याचदा त्याचेच असतात. गाद्या, उशा, कापूस भरलेले सोफे पुराच्या पाण्यात भिजले असतील तर जाऊ द्यावेत. जिप्समच्या भिंती आणि छते पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर अंतरापर्यंत कापून काढावी लागतात, कारण पाणी त्यांत वर चढते. पुस्तके आणि कागदपत्रे वाळवायला वेळ नसेल तर गोठवून ठेवावीत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि मग ती सवडीने वाळवता येतात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांची झळ बसली. ज्या किनाऱ्यावर मासळीसाठी शीतगृहे आहेत तिथे दुर्मीळ ग्रंथांसाठी चार पेट्यांची जागा आधीच ठरवून ठेवणे अवघड नाही. पूर आल्यावर मात्र ते सुचत नाही.

वाळवण्याचे यंत्र आणि मोजण्याचे यंत्र यांबाबत मात्र ग्राहकाने थोडे सावध राहावे. हवेतले पाणी काढणाऱ्या यंत्रावर 'दिवसाला ५० लिटर' असे लिहिलेले असते, पण तो आकडा बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून काढलेला असतो. खोली वाळत जाते तशी आर्द्रता उतरते आणि यंत्र निम्म्याहून कमी पाणी देऊ लागते. हा यंत्राचा दोष नव्हे. पण दिवसाच्या भाड्यावर ठरलेले काम मग लांबते. उष्णता दाखवणारा कॅमेरा अनेक जण मोठ्या थाटात काढतात. पडद्यावर निळा पट्टा दिसला की घरमालकाला 'पाणी सापडले' असे वाटते. कॅमेरा ओल दाखवत नाही, तापमान दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनामुळे थंड असते म्हणून ती निळी दिसते, आणि एसीची नळी किंवा सावलीतला खांबही तसाच निळा दिसतो. कॅमेऱ्याने संशय घ्यावा आणि मीटरने खात्री करावी, असा क्रम आहे.

ओलीचा मीटर दोन सुयांचा असतो. सुया भिंतीला टेकवल्या की त्यांच्यामधून वीज किती सहज जाते यावरून तो आकडा देतो. बहुतेक मीटरांवरचा टक्का लाकडासाठी बसवलेला असतो. विटेच्या भिंतीवर '२४' दिसले म्हणजे भिंतीत २४ टक्के पाणी आहे असे नाही. त्यातून भिंतीत क्षार असतील तर ती वाळलेली असूनही आकडा चढा येतो, आणि पुराच्या गाळाने क्षार येतातच. म्हणून जाणकार माणूस आधी त्याच घरातली न भिजलेली भिंत शोधतो, बहुतेकदा वरच्या मजल्यावरची, आणि तिचा आकडा लिहून घेतो. भिजलेल्या भिंतीला त्या आकड्याच्या जवळ आणणे हे त्याचे ध्येय. भिंतीवर पेन्सिलने खुणा करून दर खेपेला त्याच जागी, जमिनीपासून एक, तीन आणि पाच फुटांवर मोजायचे आणि तारखेसह नोंदवायचे. क्षारांचा संशय असेल तर ड्रिलने भिंतीच्या आतली भुकटी काढून तिचे वजन करायचे, १०५ अंशांवर भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचे. फरक म्हणजे पाणी. यात कोणताही चमत्कार नाही, आणि अभियांत्रिकीच्या कोणत्याही प्रयोगशाळेत हे होते. वहीतली ही रकाने आखलेली पाने हीच व्यावसायिकाच्या कामाची खरी पावती. ती मागितल्यावर जो गडबडतो त्याच्या हातात कितीही महागडे यंत्र असले तरी त्याला घरात घेऊ नये.

शहरातल्या फ्लॅटमध्ये नदी येत नाही, पण पाणी येतेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला तो दिवस, किंवा २५ सप्टेंबर २०१९ ची पुण्यातली आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र, हे अपवाद झाले. नेहमीचा शत्रू म्हणजे वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर. आपल्याकडच्या इमारतींत न्हाणीघराची स्लॅब खाली धरून तिच्यात विटांच्या तुकड्यांची भर घालतात. तिच्यातून नळ्या जातात. एखादा सांधा सुटला की पाणी आधी ही भर पिते आणि भरली की खालच्या घरात ठिबकते. नळी दुरुस्त झाली तरी भरीतले पाणी पुढे कित्येक आठवडे ठिबकत राहते. खालचा म्हणतो दुरुस्ती फसवी झाली, वरचा म्हणतो मी खर्च केला, आणि दोघे मिळून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. तो न्हाणीघर फोडायचे किंवा छतात रसायन भरायचे अंदाजपत्रक देतो. नळी कधी दुरुस्त झाली आणि ठिबक तेव्हापासून कमी होत आहे का, हे कोणी विचारलेले नसते. आठवडाभर ठिबक मोजपात्रात धरली असती तरी उत्तर मिळाले असते.

निदान करणारा आणि उपाय विकणारा एकच असणे हा या धंद्यातला मूळ दोष आहे. रसायन विकणाऱ्याला प्रत्येक गळती रसायनाने थांबणारी दिसते. म्हणून गळती शोधण्याचे काम वेगळ्या माणसाला, ठरलेल्या शुल्कावर द्यावे, आणि पुढचे कंत्राट त्याला मिळणार नाही हे आधीच सांगावे. तो नळीला दाब देऊन पाहील, न्हाणीघराचे तोंड बंद करून रंगीत पाणी साठवील, गच्चीवर पाणी धरून दोन-तीन दिवस थांबेल. या चाचण्यांना दिवस लागतात आणि विक्रेत्याकडे दिवस नसतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ्यांची गळती संस्थेच्या माथी, तर घरातल्या न्हाणीघराची सदस्याच्या माथी आहे. म्हणजे निदानावरून केवळ उपाय नव्हे, तर बिल कोणाचे हेही ठरते. तटस्थ निदान नसेल तर ते भांडण वार्षिक सभेत वर्षानुवर्षे चालते.

प्रत्येक पाण्याला व्यावसायिक लागतो असेही नाही. टाकी वाहून दोन तास स्वच्छ पाणी फरशीवर साठले, त्याच दिवशी निघाले, फर्निचर उचलले, सोफ्याखाली पंखा लावला, तर काम संपले. साधारण तीन फूट लांब-रुंद जागेपेक्षा कमी बुरशी, तीही टाइल किंवा काचेवर, मास्क लावून साबणाच्या पाण्याने काढता येते. गिलाव्यावर ब्लीचिंग पावडर मारून उपयोग होत नाही. ती पृष्ठभागावरचा काळेपणा घालवते, पण आत ओल राहिली की महिन्याभरात बुरशी परत येते. आणि ब्लीचिंग पावडर न्हाणीघर साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

या सगळ्यावर एक सरळ आक्षेप आहे, की हे परवडते कोणाला? २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारचे तातडीचे अनुदान होते ग्रामीण भागात कुटुंबामागे १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये. त्यातून भांडी, धान्य, मुलांच्या वह्या घ्यायच्या. वाळवण्याची यंत्रे कुठून आणायची? आक्षेप खरा आहे, पण तो यंत्रांना लागू पडतो, मोजण्याला नाही. गरिबाचे नुकसान घाईच्या रंगाने अधिक होते, कारण त्याला तो खर्च दोनदा झेपत नाही. ओलीचा मीटर फार महाग नसतो, आणि एका गावाला दोन पुरतात. पुराच्या पंचनाम्याला येणारा महसूल कर्मचारी भिंत पडली की नाही हे लिहितो. उभ्या भिंतीत किती ओल आहे हे लिहायला त्याच्या फॉर्मात रकाना नाही. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारखी जुनी संस्था आहे, कोल्हापुरात आणि रत्नागिरी जिल्ह्यातही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पुरानंतर दर महिन्याला ठरलेल्या घरांच्या भिंती मोजायला लावल्या तर घरमालकाला फुकट आकडा मिळेल आणि मुलांना पुस्तकात नसलेला विषय. ग्रामपंचायतीने चार-सहा वाळवण यंत्रे घेऊन ती पाळीपाळीने द्यावीत, जशी मंडपाची भांडी देतात.

ज्यांच्याकडे विमा आहे त्यांनी तो उलगडून वाचावा. १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित योजना विकावी लागते. तिच्यात पूर, वादळ, भूस्खलन आहे आणि पाण्याची टाकी किंवा नळी फुटून झालेले नुकसानही आहे. इमारतीच्या विम्याबरोबर घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. फारशी माहीत नसलेली बाब अशी की वास्तुविशारद, सर्वेक्षक आणि सल्लागार अभियंत्याचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हटवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे मोजणाऱ्या माणसाचे पैसे काही अंशी योजनेतच धरलेले आहेत. हळूहळू मुरलेली ओल मात्र विम्यात बसत नाही. म्हणून घटना कोणत्या दिवशी घडली हे सिद्ध करता येणे महत्त्वाचे. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत, फुगलेली कपाटे सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत अंगणात ठेवावीत. टाकणेच भाग असेल तर निदान एक तुकडा आणि फोटो ठेवावा. पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे घर स्वच्छ करून बसणारा माणूस दाव्याचा पुरावाही धुऊन टाकतो.

शेवटी करार. पुरानंतर गावात बाहेरून येणाऱ्या कंत्राटदारांत चांगलेही असतात, पण डिसेंबरमध्ये त्यांतला कोणी सापडेलच असे नाही. कामाचे वर्णन खोलीवार लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम साहित्यापुरती द्यावी, पुढचे हप्ते दिवसांवर नव्हे तर नोंदवलेल्या आकड्यांवर बांधावेत, आणि शेवटचा हप्ता न भिजलेल्या भिंतीच्या आकड्याशी जुळल्यावर द्यावा. 'दहा वर्षांची गॅरंटी' हे शब्द रसायन बनवणाऱ्या कंपनीचे आहेत, लावणाऱ्याचे आहेत की नुसते पत्रकावरचे आहेत, हे विचारावे. जीएसटी क्रमांकासह बिल नसेल तर गॅरंटीच्या कागदाला अर्थ उरत नाही. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ओल्या भिंतीवर केलेले काम बहुधा पहिल्या उन्हाळ्यात पोपडे टाकते आणि गळती दुसऱ्या पावसाळ्यात परतते. तेव्हा करार, बिले, फोटो आणि ओलीच्या आकड्यांची वही निदान दोन पावसाळे उलटेपर्यंत सांभाळून ठेवावी.